पॅकिंग बदलून बदलून थकलो, तरी इंजिन ऑइल गळतच होतं

आमच्या दुकानापुढं शहाबादी फरशी आहे. तिच्यावर एका जागी काळा डाग होता, भाकरीएवढा. सव्वा वर्षात तो परातीएवढा झाला. गाडी रोज जिथं उभी राहते तिथंच, पुढच्या चाकांच्या जरा मागं. दुकानातला पोरगा सकाळी त्यावर लाकडाचा भुसा टाकायचा, आणि आबा काठी टेकत येऊन रोज एकच विचारायचे, "थांबली का रं हगवण तिची?"

गाडी २०११ ची, सात सीटर, टर्बो डिझेल, मीटरवर १ लाख ८४ हजार किलोमीटर. केज तालुक्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे. बियाण्याच्या पिशव्या, फवारणीचे पंप, ठिबकची बंडलं, सगळं हीच ओढते. महिन्यातून दोन चकरा बीडला, एखादी लातूरला. या सव्वा वर्षात तीन गॅरेजांत मिळून साडेएकोणीस हजार गेले. मूळ दोष शेवटी जिथं निघाला तो सुटा भाग ३४० रुपयांचा होता. तो कसा सापडला ते नीट सांगतो, कारण असं ऑइल गाळत फिरणाऱ्या गाड्या आमच्याकडं पैशाला पासरी आहेत, आणि प्रत्येकीला तेच एक औषध मिळतं: पॅकिंग बदला.

सुरुवात अगदी साधी होती. टॅपेट कव्हर म्हणजे इंजिनच्या माथ्यावरचं झाकण. त्याच्या कडेनं इंजिन घामेजलेलं दिसायचं. खाली थेंब पडत नव्हता. जुन्या डिझेल इंजिनाला एवढा पाझर म्हणजे आजार नव्हे, हे मला आता कळतं. तेव्हा कळलं नाही. पहिल्या गॅरेजवाल्यानं टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं. वरचा पाझर थांबला आणि पंधरा दिवसांत खालून थेंब सुरू झाले.

दुसऱ्यानं खाली वाकून बघितलं आणि चेंबरचं, म्हणजे इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्याचं, पॅकिंग गेलं म्हणाला. चेंबर उतरवलं, सिलिकॉनची अख्खी ट्यूब दाबून परत बसवलं, अर्ध्या तासात ऑइल भरून गाडी हातात दिली. महिनाभर बरं गेलं. तिसऱ्यानं इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून ऑइल उतरताना दाखवलं. मागचं ऑइल सील, म्हणजे इंजिनच्या फिरत्या दांड्याभोवती (क्रँकभोवती) ऑइल अडवणारं रबरी कडं. गिअरबॉक्स खाली घेतला, साडेनऊ हजार झाले, आणि तीन आठवड्यांत फरशीवर पुन्हा डाग.

परत गेलो तर त्यानं चालू इंजिनावर ऑइल भरायचं झाकण उघडलं. भातावरचं झाकण काढल्यावर वाफ यावी तसा भसाभस धूर. "मालक, बॅक मारतंय. रिंगा गेल्या. आता इंजिन खोलायलाच लागंल." म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजून गॅस उलटा येतोय, असं त्याचं म्हणणं. आकडा सांगितला पासष्ट हजार.

दिवस मेअखेरचे होते. खरिपाचा माल भरायचा, कंपन्यांचे पैसे द्यायचे, पासष्ट हजार कुठून काढणार? "दिवाळीनंतर बघू" म्हणून गाडी घरी आणली. पैसे नव्हते म्हणून इंजिन वाचलं, असं म्हणायला हरकत नाही.

गळती शोधायची कशी

तिन्ही गॅरेजांत एक गोष्ट सारखी घडली होती. इंजिन न धुता निदान झालं होतं. ऑइल उताराला लागतं आणि गाडी पळताना वाऱ्यानं मागं पसरतं. त्यामुळं थेंब जिथून पडतो तिथं गळती असेलच असं नाही, बहुतेक वेळा ती त्याच्या वर आणि पुढं असते. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून सुटलेलं ऑइल ब्लॉकच्या अंगानं उतरून बरोब्बर गिअरबॉक्सच्या सांध्यावर जमतं. खालून बघणाऱ्याला वाटतं मागचं सील गेलं. माझे साडेनऊ हजार याच गैरसमजात गेले.

म्हणून आधी, गळतंय ते काय आहे ते बघा. रात्री गाडीखाली पंपाच्या खोक्याचा पांढरा पुठ्ठा सरकवा आणि त्यावर पुढच्या चाकांची जागा पेननं आखून ठेवा, म्हणजे सकाळी डाग इंजिनच्या कोणत्या भागाखाली आहे ते कळतं. डिझेलचं इंजिन ऑइल काळंकुट्ट असतं. गिअर ऑइल जाड, पिवळसर आणि उग्र गंधकी वासाचं. पॉवर स्टिअरिंगचं बऱ्याच गाड्यांत लालसर. कूलंट हिरवं किंवा गुलाबी, बोटाला बुळबुळीत. एसीचं नुसतं पाणी. माझा डाग काळाच होता, तिथं शंका नव्हती.

मग धुणं. इंजिन पूर्ण गार असताना अल्टरनेटरवर आणि हवेच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी बांधली, जुन्या रंगाच्या ब्रशनं डिझेल लावून थर सोडवला, मग हलक्या पाण्यानं धुतलं. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा वायरींच्या कनेक्टरवर मारू नका, नाहीतर एक दुखणं घालवताना दुसरं घरात येतं. खाली शिरायचं असेल तर रॅम्पवर किंवा खड्ड्यावर गाडी घ्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका, जॅक कधी सरकेल त्याचा नेम नसतो.

इंजिन वाळल्यावर कॅरमची पावडर घेतली. हो, तीच बोरिक. घरात पोरांची टाल्कम असेल तर तीही चालते. टॅपेट कव्हरची कड, ऑइल फिल्टरचं बूड, ऑइल स्विच (ऑइलचा दिवा लावणारा), पुढचं टायमिंग कव्हर, चेंबरचा सांधा, सगळीकडं बारीक भुरभुरली. पांढऱ्या पावडरीवर ऑइलचा ओघळ कुठून निघाला ते शाळकरी पोरालाही दिसतं. वाकून दिसत नाही तिथं दाढीचा आरसा आणि मोबाइलची बॅटरी.

गावातून आठ-दहा किलोमीटर फिरवून आणली. सगळं कोरडं! पावडर जशीच्या तशी. क्षणभर वाटलं, धुण्यानंच बरी झाली की काय. दुसऱ्या दिवशी बीडला गेलो. येताना मांजरसुंब्याचा घाट चढलो, बाहेर बेचाळीस अंश, गाडीत माल. घाट संपल्यावर हॉटेलपुढं सावलीत थांबून बॉनेट उघडलं.

चार ठिकाणी ओघळ होते. टॅपेट कव्हरचा मागचा कोपरा, क्रँकच्या पुलीमागचं पुढचं सील, चेंबरचा सांधा, आणि चौथं म्हणजे ऑइलची पट्टी. डिपस्टिक आपल्या जागेवरून बोटभर वर आली होती आणि तिच्या नळीभोवती ऑइल उडालेलं होतं. ती मी सकाळी स्वतः दाबून बसवली होती. पट्टी आपणहून वर येत नाही, तिला खालून कोणीतरी ढकलायला लागतं.

चहा पिता पिता डोक्यात आलं ते शेतातलं. पाइपलाइनच्या शेवटचा व्हॉल्व्ह बंद ठेवून कोणी मोटार चालू केली, की जिथं जिथं सांधा कच्चा तिथं तिथं पाणी उडतं. तेव्हा आपण सांध्यांना शिव्या देत सोल्युशन लावत बसत नाही. पळत जाऊन व्हॉल्व्ह उघडतो. चार ठिकाणची पॅकिंगं एकाच घाटात एकदम जात नाहीत. आत दाब कोंडला होता.

इंजिन कितीही चांगलं असलं तरी पिस्टनच्या रिंगांजवळून थोडा गॅस खाली चेंबरकडं निसटतोच. नव्या इंजिनातही निसटतो. तो बाहेर काढायला ब्रीदर असतो: टॅपेट कव्हरवरून निघालेली एक रबरी नळी, जी टर्बोच्या आधी हवेच्या पाइपात जाऊन मिळते. ती तुंबली की गॅस आत साठतो आणि ऑइलला जिथं वाट मिळेल तिथून बाहेर ढकलतो. ऑइल सील ऑइल अडवायला असतं, दाब अडवायला नसतं. नवंकोरं, भारीतलं सीलसुद्धा असा दाब असला की पाझरतं.

नळी

ब्रीदरची नळी हाताला लागली आणि मला हसावं की रडावं कळेना. काळी, गुळगुळीत, अंगावर पांढरी बारीक छपाई. त्या छपाईत आयएस १२७८६ हा आकडा. ठिबकच्या लॅटरल नळीचा मानक क्रमांक. सोळा एमएमची. असली बंडलं माझ्या दुकानात छताला लागलेली आहेत!

पहिल्या गॅरेजमध्ये टॅपेट कव्हर काढताना जुनी रबरी नळी चिरली असणार. बाजारातून मागवायला कंटाळा आला, हाताशी होती ती ठिबकची तुकडाभर नळी बसवून दिली आणि मला चकार शब्द सांगितला नाही. कापसाला पाणी द्यायची नळी ती, इंजिनच्या धगीपुढं ती काय टिकणार? वळणावर ती मऊ पडून बसली होती, चरकातून निघालेल्या चिपाडासारखी चपटी. सायकलच्या चाकाची तार घालून बघितली, आरपार गेली नाही.

आता सगळ्याचा मेळ लागला. इंजिन गार असताना नळी थोडी तरी उघडी, म्हणून गावातल्या फेरीत सगळं कोरडं. चढाला लोड आला की गॅस जास्त निसटतो आणि त्याच वेळी धगीनं नळी पार मिटते. गॅरेजवाले चौकापर्यंत चक्कर मारून "बघा, थेंब नाही" म्हणायचे, ते खोटं बोलत नव्हते. आणि झाकण उघडल्यावर आलेला तो धूर? ब्रीदर तुंबला तर कोणतंही इंजिन झाकणातून बॅक मारणारच. त्यावरून रिंगा गेल्या ठरवणं म्हणजे नाक दाबून धरायचं आणि तोंडानं श्वास घेतो म्हणून दमा सांगायचा.

खात्री करायला मी नळी काढून टॅपेट कव्हरचं तोंड मोकळं सोडलं, हवेच्या पाइपाकडचं तोंड घट्ट टोपणानं बंद केलं आणि इंजिन पाच मिनिटं जागेवर चालवलं. डिपस्टिक हलली नाही, झाकणातला धूर निम्म्याहून कमी. इथं एक सावधगिरी: हवेच्या पाइपात चिंधी कोंबू नका. टर्बोनं ती ओढली तर पासष्ट हजार खरंच लागतील.

बीडहून मूळ मापाची, वळण साच्यातच घडवलेली ऑइल-प्रूफ रबरी नळी आणली. ३४० रुपये. टॅपेट कव्हर काढलं तेव्हा आतली जाळीही काळ्या गाळानं भरलेली निघाली, लोण्यासारखा गाळ. रात्रभर डिझेलमध्ये बुडवून साफ केली. नुसती नळी बदलून ही जाळी तशीच ठेवली असती तर अर्धंच काम झालं असतं.

दुरुस्त्यांची दुरुस्ती

दाबाचं कारण गेलं. पण आधीच्या दुरुस्त्यांनी जे करून ठेवलं होतं ते राहिलंच होतं. त्यासाठी अंबाजोगाईला एका लेथवाल्या चाचांकडं गेलो. वय सत्तरीकडं, बोलणं कमी. चेंबर उतरवलं आणि त्यांनी मला नुसतं बोटानं खुणावलं. ऑइल पंपाच्या जाळीला सिलिकॉनचे धागे चिकटले होते, शिजलेल्या शेवयांसारखे. जाळीचा तिसरा हिस्सा झाकलेला.

सिलिकॉन जास्त लावलं की सांधा आवळताना ते बाहेर येतं तसं आतही येतं. बाहेरचं बोटानं पुसता येतं. आतलं सुटून ऑइलबरोबर फिरतं आणि जाळीवर जाऊन बसतं. जाळी बंद झाली की इंजिनला ऑइल मिळत नाही, आणि मग बेअरिंग, क्रँक, सगळंच जातं. ऑइल गळण्यापेक्षा हा धोका कितीतरी मोठा, आणि तो मला दुरुस्ती म्हणून विकला गेला होता.

चेंबरची कडही वाकलेली होती. पातळ पत्र्याचं चेंबर, बारीक सहा एमएमचे बोल्ट. ते ताकद लावून आवळले की प्रत्येक भोकाभोवती पत्रा दबून खळगा पडतो आणि दोन बोल्टांच्या मधली कड वर उचलली जाते. मग गळतंय म्हणून आणखी आवळायचं, की आणखी वाकतं. चाचांनी चेंबर लेथच्या सपाट बेडवर पालथं घातलं. कडेखालून पलीकडचा उजेड दिसत होता. लाकडी ठोकळा धरून हलक्या हातोडीनं एकेक खळगा उठवला, पुन्हा पालथं, पुन्हा उजेड बघणं. तास गेला. "मनगट से कसो, कंधे से नहीं," एवढंच एक वाक्य ते त्या तासात बोलले. या मापाच्या बोल्टला साधारण आठ-दहा न्यूटन-मीटर पुरतात. टॉर्क पाना असेल तर उत्तम, नसेल तर आखूड पाना आणि चाचांचं वाक्य.

दोन्ही पृष्ठभाग खरवडून, थिनरनं पुसून, कोरडे खणखणीत केले. सिलिकॉनची तीन एमएमची एकसलग रेघ, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूनं. समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत नेले. आणि गाडी तिथंच मुक्कामी. सिलिकॉनवर दहा-पंधरा मिनिटांत साय धरते, पण आतपर्यंत पक्कं व्हायला चोवीस तास लागतात, हे त्या ट्यूबवरच छापलेलं असतं. अर्ध्या तासात ऑइल ओतणाऱ्यानं ते वाचलं नसावं. ड्रेन प्लगचा वॉशर नवा टाकला. जुना, दबलेला वॉशर परत लावून वर टेफ्लॉन टेप गुंडाळायची पद्धत आमच्याकडं फार.

पुढच्या क्रँक सीलला मी हात लावू दिला नाही. चाचांचंही तेच मत पडलं. दाब गेल्यावर ते आपोआप थांबतं का बघू, गळत नाही ते खोलू नये. ते थांबलं. थांबलं नसतं तर सील बदलताना एक गोष्ट बघायला हवी होती: क्रँकवर जुन्या सीलच्या ओठानं झिजून चर पडली असेल, तर नवं सील त्याच चरीत बसतं आणि काही दिवसांत पुन्हा गळतं. अशा वेळी त्यावर बारीक स्लीव्ह चढवतात, नाहीतर सील एक-दोन एमएम मागं-पुढं बसवतात. आणि सील पेचकसनं एका बाजूनं ठोकत घालताना दिसला, तर मेकॅनिकला तिथंच थांबवा.

ऑइलची पातळी हे आणखी एक. तिसऱ्या गॅरेजनं कॅन उरू नये म्हणून सगळं ओतलं होतं, पट्टीवरच्या वरच्या खुणेच्या बोटभर वर. "गळतंयच, तर जादा असू द्या." हे फार वाईट. जादा ऑइल क्रँक घुसळते, फेस होतो आणि ब्रीदरवाटे ऑइल हवेच्या पाइपात जातं. डिझेल इंजिन त्या ऑइलवरच पळायला लागलं तर चावी काढूनही बंद होत नाही. सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पट्टी बघायची आणि दोन खुणांच्या मध्ये ठेवायचं. गळती लपवायला भरलेलं जाड २० डब्ल्यू ५० सुद्धा काढून टाकलं आणि गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं १५ डब्ल्यू ४० भरलं.

तुमचा ब्रीदर साफ निघाला तर? मग ऑइल स्विच बघा, अल्टरनेटरमागचा व्हॅक्यूम पंप बघा, टर्बोची ऑइल परतीची नळी बघा. सर्व्हिसिंगनंतर लगेच धो धो गळायला लागली असेल तर आधी फिल्टर काढा. जुन्या फिल्टरची रबरी रिंग कधीकधी इंजिनलाच चिकटून राहते आणि त्याच्यावरच नवा फिल्टर चढवला जातो. दोन रिंगांवर फिल्टर कधीच धरत नाही. रिंगेला ऑइल लावून, ती टेकली की हातानं पाऊण फेरा, बस. ब्रीदर नीट असूनही झाकणातून जोरात बॅक मारत असेल, ऑइल पीत असेल आणि सायलेन्सरमधून निळा धूर असेल, तर रिंगांचा संशय रास्त आहे. तेव्हाही इंजिन खोलण्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबाची मोजणी, करून घ्या. गळती थांबवणारी औषधं बाटलीत मिळतात, ती कडक झालेलं रबर थोडं फुगवतात. वाकलेल्या चेंबरपुढं त्यांचं काही चालत नाही.

ऑइलचा दिवा लागला तर मात्र पुढं एक किलोमीटरही नेऊ नका. तापलेल्या एक्झॉस्टवर ऑइल पडून धूर येत असेल तरी तेच, तिथं आगीचा धोका आहे.

पैसे परत मिळाले का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतली त्रुटीही येते, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो, सगळं खरं. पण माझ्याकडं बिल म्हणून काय होतं, तर वहीच्या चिठोऱ्यावर लिहिलेला आकडा. आता मी कामाआधी काय बदलणार ते लिहून घेतो, पक्कं बिल मागतो आणि काढलेले जुने भाग पिशवीत घालून घरी आणतो. जुनी चिरलेली नळी त्या दिवशी पिशवीत आली असती, तर नवी कुठून आली हा प्रश्न मला तेव्हाच पडला असता.

या गोष्टीला ५,२०० किलोमीटर झाले. पुठ्ठा अजून टाकतो. आठवड्याला रुपयाच्या नाण्याएवढा एक ठिपका पडतो, टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातला. सुरुवातीचा पाझर होता तिथलाच. तो मी तसाच ठेवलाय. फरशीचा डाग सोडा आणि डिझेलनं घासूनही गेला नाही, आबा त्याकडं बघून अजून शंका घेतात.

चपटी झालेली ती नळी काउंटरमागं खिळ्याला टांगलीय. परवा पहिल्या गॅरेजवरचा पोऱ्या दुकानात आला, सोळा एमएमची दहा मीटर द्या म्हणाला. मी विचारलं, "शेताला का गाडीला?"